पोरांना युरोपात न्यायचंय? नाशिकहून निघण्याआधीची सगळी तयारी

गणेश मंडळ असो, लेझीम पथक असो, खो-खोचा संघ असो की एखाद्या चर्चचा युवक गट, “एकदा पोरांना बाहेर न्यायचं” हे बोलणं वर्षानुवर्षं बैठकीत चालू असतं. मग एक दिवस खरोखर निमंत्रण येतं आणि सगळ्यांची धावपळ सुरू होते. आमच्या लेझीम पथकाला जर्मनीतल्या मराठी मंडळाने बोलावलं, तेव्हा आमच्याकडे चौदा ते बावीस वयाची पोरं-पोरी होती. कुणी पंचवटीतलं, कुणी सिडकोतलं, कुणी दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातलं, तर दोघं-तिघं अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला. बहुतेकांच्या घरात कुणी पासपोर्टही काढलेला नव्हता.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. गटाचं वेळापत्रक सर्वांत तयार मुलाकडे बघून आखायचं नसतं. ज्याची फाइल सर्वांत मागे आहे, त्याच्याकडे बघून आखायचं. खालची प्रत्येक पायरी त्याच हिशेबाने लिहिली आहे. उदाहरणं जर्मनीची आहेत, पण शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) नियम फ्रान्स, पोलंड, स्वीडनलाही तेच आहेत.

१. तारखा ठरवताना कॅलेंडर नाशिकचं बघा

किमान दहा महिने हाताशी ठेवा, वर्ष असेल तर उत्तम. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांत जातात. गणपतीच्या दोन महिने आधी सराव सुरू होतो, तेव्हा कुठल्याच पथकाला हलता येत नाही. उरतात मे-जून. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून कागदांचं काम थंडीतच उरकायला हवं.

२०२७ साली निघणार असाल तर सिंहस्थ लक्षात ठेवा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. पर्वकाळात शहरातले रस्ते बंद असतात, बाहेरच्या गाड्या वेशीवर अडवल्या जातात आणि तुमची बस वेळेवर निघेल याची खात्री देता येत नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबर टाळाच.

२. संस्थेचे कागद आणि निमंत्रण

पुष्कळ मंडळांकडे गणेशोत्सवापुरती वर्गणीची तात्पुरती परवानगी असते आणि ती म्हणजेच नोंदणी असा समज असतो. ते खरं नाही. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदणी, पॅन, बँक खातं आणि मागच्या वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब असतील, तरच परदेशी वकिलातीसमोर तुमचं पथक ‘संस्था’ म्हणून उभं राहतं.

याचा रोख फायदाही आहे. शेंगेनच्या नियमांत २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी एक सवलत आहे. ते ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून दुसऱ्या ना-नफा संस्थेने भरवलेल्या सांस्कृतिक, क्रीडा किंवा शैक्षणिक कार्यक्रमाला जात असतील, तर व्हिसा शुल्क माफ होतं. हे शुल्क प्रत्येकी ९० युरो आहे आणि १२ वर्षांच्या पुढे ते पूर्णच लागतं. पंचवीस पोरांच्या गटाला ही रक्कम किती होते ते बघा. पण सवलत मागावी लागते आणि दोन्ही बाजूंच्या संस्थांचे नोंदणीचे कागद जोडावे लागतात. एजंट हे बहुधा सांगत नाहीत. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क मात्र माफीतही भरावं लागतं.

निमंत्रणपत्रात या गोष्टी हव्यातच: कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, तारखा, मानधन नाही हे स्पष्ट वाक्य, राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार, आणि सगळ्यांची नावं पासपोर्ट क्रमांकासह. मानधनाची गोष्ट महत्त्वाची आहे. पैसे घेऊन कला सादर करणं म्हणजे काम, आणि कामाचे नियम वेगळे. यजमान वैयक्तिक खर्च उचलणार असतील, तर जर्मनीत त्यांना तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून औपचारिक हमीपत्र काढावं लागतं. त्याला फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. नुसतं “आम्ही बघू” असं ईमेलवर लिहून चालत नाही.

आणखी एक सापळा. यजमान प्रेमाने म्हणतात, “तिकिटांसाठी थोडे पैसे तुमच्या मंडळाच्या खात्यात टाकतो.” नको म्हणा. परदेशातून आलेली देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसताना खात्यात आलेली छोटी रक्कमही मंडळाला मोठ्या अडचणीत टाकते. त्यांना मदत करायचीच असेल, तर तिथला निवास आणि प्रवास त्यांनी तिथेच भरावा. सोबत सरकारी सेवेतले शिक्षक किंवा कर्मचारी असतील, तर त्यांनी खात्याचं ना हरकत पत्र घ्यावं आणि परदेशी पाहुणचार स्वीकारण्यासाठी केंद्राच्या एफसीआरए पोर्टलवर आधी परवानगी मागावी.

३. पालकसभा: एक नाही, तीन

पहिल्या सभेत पैशांचं बोला, गोलमाल न करता. एकूण खर्च, हप्ते, कोणती रक्कम परत मिळेल आणि कोणती नाही, हे छापील कागदावर द्या आणि सही घ्या. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही, हे याच सभेत सांगून टाका. नंतर सांगितलं की कटुता येते.

सभेला आई आणि वडील दोघांनाही बोलवा. आमच्याकडे एका मुलीची आई सगळी सभा मागे गप्प बसून होती. सगळे उठल्यावर पुढे आली आणि हळूच विचारलं, “सर, तिथं रात्री पोरींच्या खोलीची किल्ली कुणाकडं असणार?” माझ्या मते त्या सभेतला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. मुली असतील तर महिला प्रमुख हवीच, आणि ती मुलींच्याच मजल्यावर राहणार, हे लेखी द्या.

मोठी माणसं किती न्यायची? हिशेब असा करा. एक पोरगं आजारी पडलं आणि एक प्रमुख त्याच्यासोबत दवाखान्यात राहिला, तरी उरलेला गट दोघांना सांभाळता आला पाहिजे. म्हणजे छोट्या गटालाही किमान तीन. त्यातल्या एकाला इंग्रजी सफाईने बोलता यावं आणि एकाने प्रथमोपचार शिकलेला असावा.

दुसरी सभा व्हिसाचे कागद गोळा करायला, तिसरी निघण्याच्या आठवड्यात.

४. पासपोर्ट

खरा विलंब इथेच होतो. पासपोर्ट सेवा केंद्र नाशकातच आहे, त्यासाठी मुंबईला पळावं लागत नाही. ३६ पानी साध्या पासपोर्टला १५०० रुपये, अठराच्या आतल्यांना १००० रुपये. अज्ञान म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना पूर्ण शुल्क भरून दहा वर्षांचा काढता येतो, आणि मी तरी तोच काढायला सांगतो.

अज्ञान मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचा ‘अनेक्श्चर डी’ हा घोषणापत्राचा नमुना लागतो. एका पालकाची संमती मिळत नसेल तर ‘अनेक्श्चर सी’. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर ताबा कुणाकडे आहे ते सांगणारा कोर्टाचा आदेश. ही माहिती सगळ्यांसमोर विचारू नका. पालकाला बाजूला घेऊन विचारा. घरातल्या गोष्टी चारचौघांत निघाल्या की ते मूल यायचंच टाळतं.

आता आपल्याकडचा खास घोटाळा: नाव. शाळेच्या दाखल्यावर आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं: ‘पाटील रोहित सुरेश’. आधारवर ‘रोहित सुरेश पाटील’. अर्ज भरणारा सायबर कॅफेवाला घाईत सगळंच ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात टाकतो आणि ‘सरनेम’ रिकामं ठेवतो. असा पासपोर्ट हातात पडला की तिकीट, व्हिसा, विमा सगळीकडे अडतं. रकाना असा भरायचा: सरनेम ‘पाटील’, गिव्हन नेम ‘रोहित सुरेश’. स्पेलिंगमधला एखादा ए किंवा एच इकडेतिकडे असेल, तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज करा.

ज्यांच्याकडे आधीच पासपोर्ट आहे, त्यांचाही तपासा. शेंगेनसाठी तो गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. तेराव्या वर्षी काढलेला पासपोर्ट अठराव्या वर्षी संपतो, आणि तुमचे पुष्कळ कलाकार नेमके त्याच वयाचे असतात.

५. तिकिटं आणि पैसे

दहा किंवा अधिक प्रवासी असले की विमान कंपन्या ग्रुप बुकिंग देतात. थोडी रक्कम भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. व्हिसाच्या अर्जाला आरक्षण पुरतं, पूर्ण पैसे भरलेली तिकिटं लागत नाहीत. एजंट “आत्ताच काढा, भाडं वाढेल” म्हणून मागे लागला तरी रद्द केल्यास किती कापले जातील हे आधी लेखी घ्या.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर) कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला जातो, त्यालाच विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. म्हणून प्रत्येक पालकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर भरलेलं बरं. एका पदाधिकाऱ्याच्या खात्यातून सगळ्यांचे पैसे फिरवू नका.

परदेशी चलनाच्या नोटा एका प्रवासात माणशी ३००० डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येतात. पोरांच्या हातात थोडे युरो रोख द्या, बाकी फॉरेक्स कार्डवर ठेवा.

६. व्हिसाची फाइल

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधीची. शेवटच्या मुदतीवर अजिबात विसंबू नका. तीन महिने आधी सगळ्यांच्या फायली जमा झाल्या पाहिजेत. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे.

प्रत्येकाच्या फाइलमध्ये, याच क्रमाने:

– भरलेला आणि सही केलेला अर्ज (अठराच्या आतल्यांच्या अर्जावर पालकांच्या सह्या)
– पासपोर्ट, जुने पासपोर्ट असतील तर तेही, आणि पानांच्या झेरॉक्स
– ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो, पांढऱ्या-फिक्या पार्श्वभूमीवर
– संस्थेचं पत्र, नोंदणीची प्रत, सहभागींची यादी
– यजमानांचं निमंत्रण आणि त्यांच्या नोंदणीची प्रत
– विमान आरक्षण, राहण्याचं आरक्षण, दिवसवार कार्यक्रम
– किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा, ज्यात मृतदेह किंवा रुग्ण मायदेशी आणण्याचा खर्चही येतो
– शाळा-कॉलेजचं बोनाफाइड आणि ना हरकत पत्र, किंवा कंपनीचं रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या
– पालकांचे बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं
– अज्ञान मुलांसाठी जन्मदाखला आणि दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र

शेतकऱ्यांच्या मुलांचं काय, हा प्रश्न नाशिकच्या प्रत्येक गटात येतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे कित्येक बापांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. म्हणून मूल गळतं असं मुळीच नाही. सातबारा आणि आठ-अ चे उतारे, द्राक्ष किंवा कांदा विक्रीच्या बाजार समितीच्या पट्ट्या, व्यापाऱ्याकडून खात्यात आलेली रक्कम दिसेल असं बँक स्टेटमेंट, आणि या सगळ्यांचा अर्थ सांगणारं एक साधं पत्र, एवढं जोडा. उतारे मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: कुणाच्या तरी सांगण्यावरून अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात उसने लाख-दोन लाख टाकू नका. अधिकाऱ्याला तेच आधी दिसतं. बाग काढल्यावर मार्चमध्ये आलेली मोठी रक्कम पट्टीसकट दाखवली तर शंका उरत नाही. पट्टीशिवाय तीच रक्कम संशयाची ठरते.

संमतीपत्राचे दोन मूळ संच करा. एक वकिलातीत जमा होतो आणि परत येत नाही. दुसरा इमिग्रेशनच्या खिडकीवर लागू शकतो, कारण अठराच्या आतलं मूल आई-वडिलांशिवाय देश सोडतंय. नाशकात सीबीएस बस स्थानकाजवळ कोर्टाच्या आवारात नोटरी मिळतात. सगळ्या पालकांना एकाच सकाळी मूळ आधार घेऊन बोलवा, म्हणजे काम एका खेपेत होतं.

कोण कुठे राहतो हेही तपासा. नाशिक मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं. पण तुमचा एखादा वादक नोकरीसाठी बंगळुरूला असेल, तर त्याला आपल्या फायलींच्या गठ्ठ्यात घालता येईल का, हे व्हिसा केंद्रावर आधी विचारा. नसेल तर तो जिथे राहतो तिथल्या हद्दीत त्याने अर्ज करायचा. तसं असेल तर त्याची अपॉइंटमेंट सर्वांत आधी घ्या, कारण त्याच्या पासपोर्टवर तुमचं लक्ष राहणार नसतं.

बोटांच्या ठशांसाठी प्रत्येकाला स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागतं. बारा वर्षांपुढच्या सगळ्यांचे ठसे घेतात. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असतील तर तेच पुन्हा चालू शकतात. लग्नसराईत मुलींना सांगून ठेवा, बोटांच्या टोकांना मेंदी नको. लेझमीने आलेले फोड किंवा छाटणीच्या कात्रीने कापलेली बोटंही मशीन वाचत नाही, म्हणून त्या आठवड्यात सराव हलका ठेवा. अज्ञान मुलांसोबत एक पालक न्या.

७. “आमचा एक पोरगा पण घ्या”

यादी वकिलातीकडे गेली की ही मंडळी येतात. कुणी ओळखीचा, कुणी ओळखीच्याचा ओळखीचा. भाच्याला पथकात दाखवा, हवे तेवढे पैसे देतो. याला आपल्याकडे कबुतरबाजी म्हणतात आणि हा गुन्हा आहे. असा एक जण तिथे उतरून गायब झाला, तर संस्थेच्या पत्रावर सही करणारा माणूस पोलिसांच्या दारात उभा राहतो. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या पुढच्या सगळ्या पोरांची दारं बंद होतात. ज्याने मागचा हंगामभर तुमच्यासोबत सराव केलेला नाही, त्याचं नाव यादीत घालायचं नाही. नातलग असो, नगरसेवकाची चिठ्ठी असो, उत्तर एकच.

८. मुंबईत रंगीत तालीम

ही पायरी कुणी सांगत नाही आणि मला ती सर्वांत आवडते. निघण्याच्या महिनाभर आधी अख्ख्या गटाला एक दिवस मुंबईला न्या. जाताना पंचवटी एक्स्प्रेस, प्रत्येकाच्या खांद्यावर तीच सॅक जी परदेशी जाणार आहे, आणि दिवसभर मेट्रोने फिरायचं. तिकीट मशीनला लावून फाटक उघडणं, नकाशावर स्टेशन शोधणं, गर्दीत एकमेकांना न सोडणं, हे सगळं इथे शिकून होतं.

सरकत्या जिन्यापाशी थांबून बघा. आमचा सर्वांत धीट ढोलवादक, जो मिरवणुकीत तासन्‌तास ढोल बडवतो, तो पहिल्या पायरीपाशी येऊन थबकला. पाय उचलून पुन्हा मागे घेतला, दोनदा. मागची पोरं हसायला लागली. आमच्या ताईंनी काही न बोलता त्याचा हात धरला आणि दोघं चढली. त्यानंतर तो तीन वेळा वर-खाली करून आला. हे फ्रँकफर्टला, सामान हातात आणि मागे रांग असताना घडण्यापेक्षा मुंबईत घडू द्या.

प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्या. प्रमुखाने “मोजणी” म्हटलं की सगळ्यांनी ओळीने आपला आकडा पुकारायचा. लेझीमवाल्या पोरांना तालात मोजायची सवय असतेच, त्यांना हे एका दिवसात जमतं. पाच-पाच जणांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला एक नाईक. जर्मनीत प्रादेशिक गाड्यांची राज्यापुरती दिवसाची तिकिटं असतात, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत चालतात, म्हणून पाचाची तुकडी तिथेही उपयोगी पडते. ही तिकिटं वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाहीत आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच सुरू होतात. तिकिटावर नावं लिहावी लागतात.

९. सामान आणि वाद्यं

लेझमी चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये साखळ्या-दांडे नेऊ देणार नाहीत. ढोल मोठे आणि नाजूक. यजमानांकडे किंवा जवळच्या शहरातल्या मराठी पथकाकडे मिळत असतील तर इथून नेऊच नका. नेणारच असाल तर फायबरच्या पानाचे न्या, प्राण्याच्या कातड्याचे नको. सगळ्या वाद्यांची नग, माप आणि किमतीसह यादी लेटरहेडवर करून ठेवा. महाग कॅमेरे, साउंडचं साहित्य असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना ‘हे तिकडून आणलं का’ हा प्रश्न उरत नाही.

आता खाऊ. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध-दुभतं आणि मांस आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, खवा, तूप घरीच ठेवा. यजमानांसाठी द्राक्षांची पेटी न्यावी असं प्रत्येक नाशिककराला वाटतं, पण ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. आपली द्राक्षं युरोपात जातात ती तपासण्या होऊन, कंटेनरमधून. सामानातली पेटी विमानतळावर कचऱ्यात जाते. कढीपत्ताही नको. कोंडाजीचा चिवडा, लाह्यांचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बेदाणे, मेतकूट न्या. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. दमा, फिट, अॅलर्जी असलेल्या मुलांची यादी प्रत्येक प्रमुखाच्या खिशात हवी.

१०. निघण्याचा दिवस

ओझरहून विमानं देशांतर्गत आहेत, त्यामुळे बहुतेकांचं विमान मुंबईहूनच असतं. तिकिटावर विमानतळ नीट वाचा, आता मुंबई आणि नवी मुंबई असे दोन आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी तशीच आहे. पावसाळ्यात विमानाच्या वेळेआधी नऊ-दहा तास नाशिक सोडा. विमानतळावर बसून राहिलेलं परवडतं.

पासपोर्ट प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायचा की प्रमुखाने, यावर मतभेद असतात. माझं मत असं: विमानतळावर प्रत्येकाकडे, मुक्कामी पोचल्यावर प्रमुखाकडे कुलपात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा फोटो सगळ्या प्रमुखांच्या मोबाइलमध्ये आणि एका पालकाकडे नाशकात.

युरोपात उतरल्यावर आता नव्या नोंदणी यंत्रणेत चेहऱ्याचा फोटो घेतात आणि पहिल्या वेळी रांग लांबते. पुढचं विमान किंवा गाडी पकडायची असेल तर मध्ये तीन तासांहून कमी वेळ ठेवू नका. अधिकारी विचारतील त्याचं उत्तर पोरांना स्वतः देता आलं पाहिजे: कुठे चाललात, किती दिवस, कुणाकडे, काय करणार. पाठ केलेलं वाक्य नको, आपल्या शब्दांत.

११. तिथे

युवा वसतिगृहं गटांसाठी चांगली आणि स्वस्त. ही कल्पनाच जर्मनीतली. १९०९ मध्ये एका शाळामास्तरांना, रिशार्ड शिरमान यांना, मुलांसोबतच्या पायी सहलीत ती सुचली आणि आल्टेनाच्या गढीत पहिलं वसतिगृह उभं राहिलं. आपल्यासारख्यांसाठीच ती जागा आहे. शाकाहारी किती, जैन किती, हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता म्हणजे खरोखर शांतता. रविवारी दिवसभरही तोच नियम आणि दुकानंही बंद, म्हणून शनिवारीच पाव-फळं घेऊन ठेवा. अंगणात सराव करायचा असेल तर व्यवस्थापकाला विचारून, दिवसा. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की ती परत मिळते. पोरांना हा खेळ फार आवडतो. आपत्कालीन क्रमांक ११२, तो सगळ्यांना पाठ हवा.

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. पालकांसाठी रोज एकच वेळ ठरवा, नाशिकच्या रात्री नऊची. तिथे साडेपाच वाजलेले असतात. प्रमुखाने गटाचा फोटो आणि दोन ओळी टाकायच्या: सगळे ठीक, आज काय केलं. कुणी आजारी असेल तर त्याच्या घरी आधी फोन, मग गटावर संदेश. हा क्रम कधी उलटा होऊ देऊ नका.

१२. परतल्यावर

बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा भारतात परतल्याचा शिक्का यांच्या प्रती घेऊन ठेवा. एखाद्या वकिलातीने सगळे परतल्याचा पुरावा मागितला तर लगेच देता आला पाहिजे. उरलेल्या परदेशी नोटा १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा परवानाधारक चलन विक्रेत्याकडे जमा कराव्या लागतात. २००० डॉलरच्या मोलापर्यंत जवळ ठेवता येतात. महिन्याभरात पालकांची सभा घेऊन पैशापैशाचा हिशेब द्या, शिल्लक राहिली असेल तर चेकने परत करा. विमा, विमान, निवास यांच्या पावत्या ऑडिटसाठी संस्थेकडे. प्रत्येक मुलाचे ठसे कोणत्या तारखेला घेतले त्याची नोंद वहीत करा, ५९ महिन्यांच्या आत पुन्हा निमंत्रण आलं तर हीच वही आधी काढावी लागेल.